इंजिनांना नावाने हाक मारणारे आनंदराव

आनंदराव वाकोड्यांनी कुठल्याही इंजिनाला कधी नंबराने ओळखले नाही. पूर्णा जंक्शनच्या शेडमध्ये ते ड्रायव्हर होते. ड्यूटीवर निघताना इंजिनाच्या गरम अंगावर तळहाताची थाप देत आणि "चला पाटलीणबाई, ऊन डोक्यावर यायलंय," म्हणत वर चढत. पाटलीणबाई म्हणजे जागोजागी थांबून पाण्याचा मान घेणारे इंजिन. तयार व्हायला फार वेळ लावायचा तो नवरदेव. भर चढावर रुसायची ती ठकूबाई. ही नावे साऱ्या शेडमध्ये रुळली होती. "आज नवरदेव आणताय का?" असे स्टेशनमास्तरसुद्धा फोनवर विचारायचे, आणि पलीकडच्याला ते बरोबर कळायचे.

त्र्याहत्तरच्या सुमारास मी लग्न होऊन पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आले. यजमान पार्सल ऑफिसात कारकून, घरात सासूबाई, आणि शेजारी आनंदराव व त्यांच्या पत्नी गयाबाई. पहिल्याच सकाळी मी अंगणात सडा टाकत होते, तर कुंपणापलीकडून आनंदरावांचा आवाज आला.

"पोरी, नाव काय तुझं?"

"वैशाली."

"हे सासरचं झालं. माहेरी काय म्हनत व्हते?"

मी इकडेतिकडे पाहिले. माहेरच्या चारठाण्याहून निघाल्यापासून ते मला कोणी विचारले नव्हते. "चंद्रकला," मी हळूच म्हणाले.

"मंग चंद्रकला, पानी भरून घे लवकर. नळ जायलाय."

त्यानंतर त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. सासूबाईंना ते खटकायचे. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून सगळ्यांच्या देखत ठेवलेले नाव. ते मोडणारा हा कोण? एकदा त्यांनी तसे बोलूनही दाखवले. आनंदराव हात जोडून म्हणाले, "तुमचं बी ऱ्हाऊ द्या, काकू. आमी न्हाई म्हनत न्हाई. पर पोरगी ज्या नावानं चालायला शिकली, ते एकाच्या तरी तोंडात असावं."

नावाबद्दल हा माणूस इतका हळवा का, ते मला पुढे कळले. त्यांच्या आधीची दोन भावंडे तान्हेपणीच गेली होती. हे तरी जगावे म्हणून आईने यांचे नाव ठेवले कचरू. त्यांच्या गावी बोरीला, आणि पुढे शेडमध्येही, ते कचरूच होते. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आनंद हे नाव त्यांनी स्वतः निवडले. ते सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. "अर्धं आयुष्य लोकांनी मला केर म्हून बोलवलं, आन् मी 'जी' म्हनून धावत गेलो. आनंद म्हून पहिली हाक आली तवा मी मागं वळून बघितलं, दुसरं कोन हाय म्हून."

शेडमधले सर्वांत जुने इंजिन म्हणजे धुरपता. ती लांबच्या गाड्यांना कधीच जुंपली जात नसे. यार्डात डबे ढकलायचे, ओढायचे, एवढेच तिचे काम. आनंदरावांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना तिला मोडीत काढायचे ठरले. हे कळल्यावर आनंदराव दोन वेळा जेवले नाहीत. मग फिटर, फायरमन, खलाशी अशा सगळ्यांना घेऊन ते शेडच्या साहेबांकडे गेले. साहेब तरुण होते, भले होते. त्यांनी वर पाठपुरावा केला आणि परवानगी मिळवली. कर्मचाऱ्यांच्या क्लबासमोर, म्हणजे रेल्वे इन्स्टिट्यूटसमोर, चौथरा बांधून धुरपताला तिथे कायमची उभी करायची, रंगवायची आणि बाजूला तिचे नाव लिहायचे. मी चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या हे आनंदरावांनी कुठेतरी सांगितले असणार, कारण अक्षरे काढायला मला बोलावणे आले.

नाव ठरवायला इन्स्टिट्यूटमध्ये सभा भरली. सेक्रेटरी म्हणाले, "पाहुणे येतील, फोटो निघतील. नाव भारदस्त हवं. भाग्यलक्ष्मी कसं वाटतं?" बऱ्याच माना डोलल्या. साहेबांनी आनंदरावांकडे पाहिले.

आनंदराव उठले. "साहेब, तिला नाव हाय. धुरपता."

कोणीतरी हसले. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, ते शेडमधलं झालं. हे गावंढळ वाटतं."

"वाटू द्या. मी शेडमधी इंजिन पुसायला लागलो तवा मला माठाला हात लावू देत न्हवते. नळ लांब. राखेच्या खड्ड्यावर धुरपताबाई व्हती, राख उपसायची. तिनं आपल्या मडक्यातलं पानी मला दिलं. तिला लोक लय बोलले, तरी रोज दिलं. मी ड्रायव्हर झालो आन् हे इंजिन पहिल्यांदा हातात आलं, तवा दुसरं नाव सुचलंच न्हाई."

तरी सेक्रेटरी पुटपुटले, "कारण चांगलं आहे, पण नाव बदलल्याने इंजिनाला काय फरक पडतो?"

मी दाराशी रंगाचा डबा घेऊन बसले होते. यजमान समोर बसले होते. मला माहीत नाही मी कशी उठले. "फरक पडतो," मी म्हणाले. "माझं नाव बदललंय. चार वर्षं झाली. वैशाली म्हटलं की मी काम सोडून येते. पण ताप चढला होता तेव्हा मला चंद्रकला म्हटलेलंच ऐकू येत होतं."

यजमानांनी मान खाली घातली. साहेब म्हणाले, "ताई, धुरपता लिहा. मोठ्या अक्षरात."

कार्यक्रमाच्या दिवशी आनंदराव सकाळच्या गाडीने पेडगावला गेले आणि खऱ्या धुरपताबाईंना घेऊन आले. म्हातारी कमरेत वाकली होती, नजर अधू झाली होती. काळ्याभोर, चकचकीत इंजिनासमोर ती उभी राहिली.

"काय लिवलंय रं त्याच्यावर?"

"तुझं नाव, माय."

"माझं?" ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "ही एवढी चकाचक कशी काय? मी तर जल्मभर राखेत व्हते." आणि ती इतकी मोकळी हसली की साहेबही हसले. तिने चाकावर हात ठेवला तेव्हा मात्र आनंदरावांनी तोंड फिरवले.

त्या गर्दीतच ते माझ्यापाशी आले. "अक्षर ब्येस काढलंस. आता घरात बसू नको. शाळेत चित्रकलेला मानूस पायजे, मी हेडमास्तरांना बोललोय." सासूबाईंकडे परवानगी मागायलाही तेच आले आणि कुंपणापलीकडे उभे राहून तासभर बोलले. मी शाळेत लागले ती केस पिकेपर्यंत राहिले. माझ्या हाताखाली किती मुले पेन्सिल धरायला शिकली, त्याचे श्रेय मी कोणाला देते ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर आनंदराव बोरीला गेले. दोन-तीन वर्षांनी ते वारल्याचा निरोप आला. मी आणि यजमान भेटायला गेलो. घर माणसांनी भरले होते. मला तिथे कोणी ओळखत नव्हते, म्हणून मी दारातच थबकले. आतून गयाबाईंनी पाहिले. त्या उठल्या, माझा हात धरला आणि बसलेल्या सगळ्या बायांना म्हणाल्या, "सरका गं जरा. आमची मास्तरीण आलीय."