राखेची गोळी

शाहूपुरीतले ते घड्याळवाले साधा सेलसुद्धा सरळ बदलत नसत. आधी घड्याळ कानाला लावायचे, डोळे मिटायचे, गिऱ्हाइकाकडे दुःखाने बघायचे आणि मगच झाकण उघडायचे. फावल्या वेळात ते जादूचे प्रयोग करत. मी बुवाबाजीविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटणारा. मला हे सगळं शुद्ध ढोंग वाटे. तरी बुवांची लबाडी लोकांना दाखवता यावी म्हणून रिकाम्या हातातून राख काढायला मी त्यांच्याकडूनच शिकलो.

माझा प्रयोग बघून ते म्हणाले, "राख काढतोयस का नाक शिंकरतोयस? जरा थांब की."

"मला लोकांना फसवायचं न्हाय."

"मग तुझं ऐकतंय कोण?"

गडमुडशिंगी गावात माझा प्रयोग चालू असतानाच लोक उठायला लागले. तेव्हा माझ्यासोबत आलेले घड्याळवाले पुढे आले. बाही वर सारली, रिकामा पंजा दाखवला आणि नुसते उभे राहिले. उठलेले लोक परत खाली बसले. मग बोटांतून राख झरली, आणि एक म्हातारी उठून त्यांच्या पायाच पडली.

जादूगारानं गुपित फोडायचं नसतं, असं मला दहादा बजावणारा हा माणूस. त्यांनी तिला उठवलं. "मावशी, देव न्हाय, ही गोळी हाय," म्हणत अंगठ्याआड दडवलेली राखेची दुसरी गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि तिलाच चुरडायला लावली. त्या दिवशी माझं एकही पत्रक उरलं नाही.

परतताना एसटीत ते मला म्हणाले, "चुरडायच्या आधी म्हातारी कशी थांबली, बघितलंस? तुझ्यापेक्षा बरी हाय."