कडुलिंबाच्या सावलीत रेल्वेचं मतदान

लोकांचा पैसा रेल्वेवर उडवायचा की नाही, हे लोकांनीच मत देऊन ठरवावं का, असं कुणी मला विचारलं की मी उलट विचारतो, मतदान उन्हात आहे की सावलीत? ऐकणाऱ्याला वाटतं, मी थट्टा करतोय. त्यांनी आमच्या गावची रेल्वे पाहिलेली नसते. आम्हीही नाही पाहिली म्हणा. पण आम्ही तिच्यावर मत दिलेलं आहे.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याच्या अलीकडे. आगगाडी बघायची झाली तर मलकापूर गाठावं लागतं. अशा या गावाला एकदा स्वच्छतेचं बक्षीस मिळालं. कसं मिळालं ते विचारू नका. तपासणीच्या दिवशी अर्ध्या गावाचा कचरा आमच्याच ट्रॉलीत ताडपत्रीखाली झाकून शिवारभर हवा खात फिरत होता. बक्षिसाचं काय करायचं याचा विचार चालू असतानाच एक गृहस्थ आले आणि त्यांनी सरपंचबाईंना मोबाइलवर एक गंमत दाखवली. बागेत फिरते तसली छोटी रेल्वे. रंगीत इंजिन, मागे डबे, गोल रूळ. गावच्या तलावाच्या काठाने फिरेल, आजूबाजूच्या गावची माणसं तिकीट काढून बसतील, असं त्यांचं म्हणणं. आणि जाता जाता ते बोलून गेले की ड्रायव्हर मात्र गावातलाच घेऊ.

हे वाक्य माझ्या काकांच्या कानावर पडलं आणि आमच्या घराची शांतता गेली.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी जन्मभर लाल बस चालवली. मलकापूरहून घाट चढून बुलडाण्याला, तिथून देऊळगाव राजावरून जालन्याला, आणि परत. निवृत्त झाल्यावर काकूंनी त्यांना एकच मार्ग नेमून दिला होता, घर ते तलावाकाठची सपाट जागा. तिथे काकूंचं उन्हाळी वाळवण चालायचं. कुरडया, मुगवड्या, पापड, सगळं जुन्या साड्यांवर पसरलेलं, आणि कडेला काठी घेऊन बसलेले काका. कावळा आला की काठी उचलायची, गेला की ठेवायची. "जनमभर पन्नास माणसं पाठीमागं घेऊन घाट उतरलो," ते मला म्हणायचे, "अन् आता मुगवड्या राखून राह्यलो."

तेव्हा त्या इंजिनात बसायचं, एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेतून कधीकाळी आणलेला पितळी भोंगा त्यांनी माळ्यावरून काढला, मागे रबरी फुगा असलेला. गाडीचा पत्ता नव्हता, पण हॉर्नची सोय झाली होती. सकाळी अंघोळ झाली की ते तो पुसायचे आणि एकदा वाजवून बघायचे. शेजारची म्हैस पान्हा चोरायची.

अडचण एवढीच होती की रूळ नेमके काकूंच्या वाळवणाच्या जागेवरून जाणार होते.

"माह्या कुरडया काय इंजिनाच्या टपावर वाळू घालू?" असं काकूंनी सरळ विचारलं. काकांनी टपाचा विचार करून पाहिला आणि जागा पुरणार नाही, असं प्रामाणिकपणे सांगितलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. काका एका गल्लीतून गाडीचा प्रचार करत निघायचे, काकू दुसऱ्या गल्लीतून गाडीच्या विरोधात. मी दोन्ही बाजूंनी चहा प्यायलो. मला लोकशाही फार मानवली.

सरपंचबाई शहाण्या. पैसा लोकांचा आहे, लोकच ठरवतील, असं म्हणून त्यांनी तो विषय महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत टाकला. आता मत घ्यायचं कसं? आमच्या गावात हात वर करून मत घेता येत नाही. आमची माणसं फार भिडस्त. बाजूने कोण म्हटलं की हात वर करतात आणि विरोधात कोण म्हटलं की तोच हात पुन्हा वर करतात. दोन्हीकडे आपलेच लोक बसलेले, नाराज कुणाला करायचं? म्हणून मागेच एक रीत पडली होती. मैदानावर चुन्याची फक्की ओढायची, बाजूचे एकीकडे बसतील, विरोधातले दुसरीकडे. एका माणसाला दोन ठिकाणी बसता येत नाही, हे ग्रामसेवकाने शोधून काढलं होतं.

मोजणीचं काम माझ्याकडे आलं. गणपतीत निवेदन मीच करतो आणि माझा आवाज वेशीपर्यंत जातो, हीच माझी पात्रता.

सभा पंचायतीसमोरच्या कडुलिंबाखाली. फक्की बरोबर झाडाच्या बुंध्यापासून ओढलेली. काकांनी सरपंचबाईंना विनंती केली की गाडीवाल्यांना पश्चिमेची बाजू द्यावी, तलाव तिकडे आहे, बोलताना हात करून दाखवायला बरं पडेल. बाई हो म्हणाल्या. मे महिन्यात सकाळी झाडाची सावली पश्चिमेलाच पडते, हे मला तिथे गेल्यावर दिसलं. सगळं गाव त्या गार सावलीत जाऊन बसलं होतं. गाडीला कडवा विरोध करणारेही तिथेच, "चर्चा होईस्तोवर" म्हणून. पलीकडे रणरणत्या उन्हात काकू, त्यांच्या बचतगटाच्या आठदहा बायका, पदर डोक्यावर आणि एक काळी छत्री. मी मनातल्या मनात काकांना मुजरा केला.

तेव्हाच मत घेतलं असतं तर आज आमच्या गावात रेल्वे असती. पण ग्रामसभा म्हणजे काय फक्त मत असतं? आधी थांबे ठरायला हवेत. एक म्हणाला, मारुतीच्या पारापाशी थांबा पाहिजे. लगेच दुसऱ्याने बुद्धविहारापाशी मागितला, आणि तेही रास्तच होतं. मग ज्याच्या त्याच्या दारात थांबा होऊ लागला. गाडी जितकी लांब, त्याहून थांबे जास्त झाले. बायकांसाठी वेगळा डबा असावा का, यावर बराच वेळ गेला. शेवटी गावातले सगळ्यात म्हातारे आजोबा काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "गाडी गोल फिरून इथंच येते म्हणता. मंग बसाचं काऊन?"

खरं सांगतो, रेल्वेच्या खर्चाविषयी याहून चांगला प्रश्न मी कुठल्या तज्ज्ञाच्या तोंडून ऐकलेला नाही.

उत्तर द्यायला काका उठले. खुर्चीवर चढले, भोंगा काखेत घेतला आणि डोळे मिटून बोलू लागले. आधी घाटातली वळणं आली. मग धुकं, मग ब्रेक. एकदा भर पावसात बाळंतीण बाईला कशी वेळेवर पोचवली ते आलं. माणूस कुठं जाते हे महत्त्वाचं नसते, चालू गाडीत बसून खिडकीतून पाह्यते हे महत्त्वाचं असते, असं ते म्हणाले तेव्हा मलाही गहिवरून आलं. पण काका बोलत राहिले, आणि सूर्यही आपला मार्ग चालत राहिला.

सावली आखडू लागली. लोक बसल्या जागी, कुणी न उठता, ढुंगणावरच सरकू लागले. एक वीत, मग अजून एक. भर दुपारी सावली पार बुंध्याशी आली आणि सगळं गाव झाडाला चिकटलं. एकमेकांच्या मांडीवर जवळजवळ. बांधावरून भांडणारे दोन भाऊ पाठीला पाठ लावून बसलेले मी याचि डोळा पाहिले. मग सावली हळूच पूर्वेकडून बाहेर डोकावली आणि गाव तिच्या मागे निघालं. फक्की आली. फक्की ओलांडली. सगळ्यांच्या धोतराला, पँटला, लुगड्याला चुना लागला, पण कुणाचंही लक्ष काकांच्या भाषणावरून हललं नाही. टाळ्यासुद्धा देत होते.

काकांचे डोळे मिटलेलेच. आता पश्चिमेच्या बाजूला ते एकटे उरले होते, खुर्चीवर, टळटळीत उन्हात. टकलावरून घाम कानामागे ओघळत होता. काकू पूर्वेला, आता त्यांच्यावर आयती सावली आली होती. त्या थोडा वेळ नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, छत्री घेतली, फक्की ओलांडून गेल्या आणि खुर्चीमागे उभं राहून त्यांच्या डोक्यावर छत्री धरली.

नेमकं तेव्हाच भाषण संपलं. मत घ्यायची खूण म्हणून भोंगा वाजवायचा, वाजला की जो जिथे आहे तिथेच त्याचं मत, हे काकांनीच सकाळी ठरवून घेतलेलं होतं. त्यांनी डोळे न उघडता मोठ्या थाटात भोंगा दाबला.

मग डोळे उघडले.

मी मोजणी केली. आवाज वेशीपर्यंत जाईल असा, कारण कर्तव्य ते कर्तव्य. गाडीच्या बाजूने दोन. विरोधात गाव.

काकू म्हणाल्या की आपलं मत धरू नका, आपण फक्त छत्री धरली होती. ग्रामसेवक म्हणाला, नियम तो नियम. काका मात्र विरोधातल्या त्या सगळ्या गावाकडे बघतच नव्हते. मान वळवून मागे बघत होते.

"तू इकडं?" ते म्हणाले. कित्येक दिवसांतलं दोघांमधलं पहिलं वाक्य.

"डोस्क्याले ऊन लागून राह्यलं तुमच्या," काकू म्हणाल्या. "उतरा आता खाली."

ते उतरले.

मग पैशाचं काय करायचं? सरपंचबाईंनी विचारायचा अवकाश, कडुलिंबाखालून एका सुरात आवाज आला, इथे शेड टाका. त्याला मत घ्यावं लागलं नाही. आज तिथे निळ्या पत्र्यांचं मोठं शेड आहे आणि ग्रामसभेला मतं इकडची तिकडे सरकत नाहीत. सभा मात्र रटाळ झाली आहे.

लोकांनी मत द्यावं की नाही? द्यावं, असंच मी म्हणतो. निकाल चुकला असेल, पण सभेआधीचे दोन आठवडे गावात प्रत्येक माणूस तलावाकाठी जाऊन रूळ कुठून जातील हे पावलांनी आखून बघत होता. एवढी माणसं तलावाकडे त्याआधी कधी फिरकली नव्हती.

काका अजून उन्हाळ्यात तिथे बसतात, काकूंच्या काळ्या छत्रीखाली. काठी त्यांनी टाकून दिली. कावळा दिसला की भोंगा दाबतात, आणि सगळ्या कुरडया सोडून तो थेट धामणगावाकडे सुटतो. काकू म्हणतात, यंत्र चांगलं आहे. आणि पारावर कुणी विषय काढला की काका तेच सांगतात, "साऱ्या गावानं गाडी पाडली. पण बायको माह्या गाडीत बसली होती."

काकू दरवेळी म्हणतात की त्या उभ्या होत्या.