साबणावरची रेघ

घोडेगावात रंगनाथ मिस्त्रीचं गॅरेज कुणालाही विचारा, हात धरून दाखवतील. वर हळूच सांगतील, "काम एक नंबर, पण हात धुवायला साबण मागू नका बरं का!" खरंच नाही. रॉकेलचा डबा आहे, राखेचं टोपलं आहे, साबणाचा तुकडा मात्र मिळायचा नाही. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, मिस्त्री चिक्कू आहे. वाटू दे मेल्याला!

सहा वर्षांपूर्वी, एक्क्याण्णव सालापर्यंत, रंगनाथ स्वतःची जुनी ॲम्बेसिडर भाड्यानं चालवायचा. गाडी म्हातारी, गरमीचा काटा कधीचा मेलेला. पण त्याला काटा हवाच कशाला? तो कानावर गाडी चालवायचा. इंजिनाचा पंखा अन् पाणी फिरवणारा पट्टा किंचाळला की पाणी शिंपडून बघायचा, आवाज वाढला की म्हणायचा, "ढिला पडलाय." मग डायनामोचा बोल्ट सैल करायचा, टॉमीच्या लोखंडी दांड्यानं डायनामो मागं रेटून पट्टा ताणायचा, बोल्ट आवळायचा आणि पट्ट्यावर अंगठा दाबायचा. अर्धा इंच दबला पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. बायको मुक्ताबाई चेष्टा करायची, "माझी हाक तेवढी ऐकू येत न्हाई, गाडीची बरी येती!" लेकरूबाळ नव्हतं. दोघांना एकमेकांचाच काय तो लळा.

त्या वैशाखात गावातल्या पुंजारामच्या लेकीला सासरी पोचवायचं भाडं आलं. फुलं बांधून गाडी मांडवात नेली, चालू केली, आणि पट्टा किंचाळला. जुना पट्टा, दोन्ही कडा आरशासारख्या गुळगुळीत झालेल्या. पुंजाराम कासावीस झाला. "रंगनाथराव, लेक घालवताना गाडी रडती हो! बरं दिसत न्हाई. कायतरी करा."

रंगनाथनं पाना लावला. बोल्ट गंजून बसलेला, हलेना. निघायचा मुहूर्त टळायला आलेला, वरमाय तोंड वाकडं करून उभी. रंगनाथचं घर समोरच होतं. मुक्ताबाईनं न्हाणीतला लाल साबण आणून दिला. "घ्या. लावा अन् मोकळं व्हा." चालत्या पट्ट्याला त्यानं साबण टेकवला. आवाज जागीच बंद. साबणावर काळी रेघ उमटली. "उद्या बोल्ट सोडवून ताणतो," असं तो स्वतःलाच म्हणाला आणि साबण परत देऊन निघाला. उद्या! या एका शब्दानं किती घरं बुडवली असतील, देव जाणे.

नवरी पोचवून दुपारी तो घरी आला, तर दारात बायका जमलेल्या. गोवऱ्या काढताना मुक्ताबाईच्या हाताला नाग डसला होता. शेजाऱ्यांनी वर फडकं बांधलं होतं. इंजेक्शन नगरला मिळणार होतं, आणि नगर तासाभरावर. त्यानं तिला मागच्या सीटवर निजवलं आणि गाडी सोडली. पट्ट्याची आठवणसुद्धा झाली नाही. कशी होणार? पट्टा गप्प होता ना!

पांढरीच्या पुलापर्यंत ती बोलत होती. "हळू चालवा. मी काय पळून चाललेय व्हय?" इमामपूरच्या घाटात चढ लागला आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. गाडी आचका देऊन थांबली. रंगनाथनं बॉनेट उघडलं. पट्टा गुळगुळीत, साबणानं बुळबुळीत. पंखा फिरला नव्हता, पाणी खेळलं नव्हतं. घोडेगावपासून पट्टा घसरत आला होता, पण चूं केलं नव्हतं. किंचाळला असता तर रंगनाथनं दारातच ओळखलं असतं, दुसरी गाडी बघितली असती.

आता मात्र गंजका बोल्ट सुटला. त्यानं जोर असा लावला की तळव्याची साल निघाली. पट्टा ताणला, अंगठा दाबला, अर्धा इंच. बरोबर बसला होता. पण इंजिन तापून चिकटलेलं, किल्लीला दाद देईना. दोन ट्रक हात करूनही थांबले नाहीत. तिसरा थांबला तेव्हा मुक्ताबाईच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. "झाली का गाडी?" तिनं जड जिभेनं विचारलं. "झाली गं, झाली," तो खोटं बोलला.

नगरला डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणायला हवं होतं." डॉक्टर लोक हे वाक्य पाठ करूनच येतात की काय, कोण जाणे. पण अर्धा तास कुठं गेला, हे रंगनाथला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी अग्नी देऊन तो घरी आला. रीतीप्रमाणे अंघोळीला बसला आणि हात कोनाड्यात गेला. लाल साबण. त्यावर पट्ट्याची काळी रेघ, आणि त्या रेघेत चिकटलेला एक लांब केस. तो गाडी घेऊन गेल्यावर त्याच साबणानं ती न्हाली होती. रंगनाथ न्हाणीतच ओक्साबोक्शी रडला. अंगावरची राख त्यानं नुसत्या पाण्यानं धुतली.

गाडी त्यानं पुन्हा भाड्याला लावली नाही. गाडीच्याच शेडमध्ये गॅरेज टाकलं. लग्नसराईत कुणी ना कुणी फुलांची गाडी घेऊन येतोच. "मामा, घाई हाय, नुसता साबण लावा." रंगनाथ गाडी बंद करायला लावतो, किल्ली काढून खिशात घालतो आणि बोल्ट सैल करायला बसतो. बाहेर वऱ्हाड शिव्या घालतं. त्याच्या डोक्यावरच्या फळीवर पत्र्याची डबी आहे. तिच्यातला लाल साबण तो केसाला धक्का लागेल म्हणून बाहेर काढत नाही.