मामंजींची हत्यारांची पेटी

एकोणीसशे साठच्या सुमारास यांची विम्याच्या ऑफिसातून जयपूरला बदली झाली, तेव्हा माझे सासरेही आमच्याबरोबर आले. मामंजींची सगळी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात, शेवटची बरीच वर्षं एअरकंडिशन डब्यांच्या कामात गेली होती. येताना त्यांनी एक लाकडी पेटी आणली. तिच्यात गॅसचा दाब बघायचे दोन मीटर होते, तांब्याची नळी कापायचं हत्यार, हवा ओढून घेणारा पंप आणि एक छोटा दिवा. गॅस कुठे गळत असला की दिव्याची ज्योत हिरवी होते, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मी पोळ्या लाटत होते. हं हं म्हटलं, झालं.

घर दोन खोल्यांचं. पेटीतून तेल झिरपायचं, गव्हाच्या डब्यांपर्यंत वास यायचा. थंडीत मामंजी नणंदेकडे राहायला गेले असताना दारावर कबाडी, म्हणजे भंगारवाला, आला आणि मी पेटी देऊन टाकली. परतल्यावर सांगू म्हटलं, पण जीभ रेटली नाही. त्यांनीही काही विचारलं नाही.

मे महिन्यात शेजारचे ठाकूरसाहेब आले. त्यांच्या लांबलचक विलायती गाडीच्या डिकीत गार हवेचं यंत्र होतं. ते बंद पडलेलं, आणि गावातला एकही मिस्त्री त्याला हात लावायला तयार नव्हता.

"बाबूजी, आप देखेंगे ज़रा?"

मामंजी चप्पल न घालताच बाहेर गेले. डिकीत वाकून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "गॅस निकल गया है. सिलिंडर दिल्ली से मँगवाइए. बाकी सामान मेरे पास है, यहीं आँगन में कर देंगे."

इतक्या उत्साहानं बोलताना मी त्यांना जयपुरात प्रथमच ऐकत होते. ते आत आले. गव्हाच्या डब्यांमागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं.

"सूनबाई, माझी पेटी कुठे हलवलीस?"

ठाकूरसाहेब दारातच उभे होते. मी म्हणाले, "मामंजी, तुम्हीच नाही का म्हणालात, आता काय उपयोग, देऊन टाक?"

"मी?"

"नणंदबाईंकडे निघालात तेव्हा."

ते हळूच म्हणाले, "असेल. म्हणालो असेन." बाहेर जाऊन त्यांनी ठाकूरसाहेबांची माफी मागितली. "उमर हो गई. याद नहीं रहता."

गाडी पुढे दिल्लीला दुरुस्त झाली. पण ज्या माणसाला तीस वर्षांपूर्वीच्या डब्यांचे नंबर तोंडपाठ होते, तो त्या दिवसापासून मला विचारायला लागला, "सूनबाई, गोळी घेतली ना मी?" "दाराला कडी लावली का गं मी?" प्रत्येक वेळी मी खरं तेच सांगत होते. ते एक सोडून.

दोन वर्षांनी मामंजी गेले. तेराव्यानंतर एका दुपारी मी यांना सगळं सांगितलं. हे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी त्याची घडी घातली आणि खाली ठेवलं.

"आता मला कशाला सांगितलंस?" हे म्हणाले.