डोळे मिटले की दादा पडायचे

बहात्तरच्या दुष्काळात आमची म्हैस गेली ती परत आली नाही. विकली म्हणण्यापेक्षा हाकलून दिली म्हणावं असंच ते होतं. कडबा नव्हता, पाणी नव्हतं, आणि तिला उठवायला दोन माणसं लागत होती. त्या दिवसापासून आमच्या घरचा चहा काळा झाला तो कायमचा. मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन. माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, नाल्याच्या बांधावर दुष्काळी कामाला जायचे. लेकरांना तिथं सुकडी मिळायची म्हणून मीही मागं मागं जायचे. रेशनवर लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात बसायची. मी तोंड वाकडं केलं की माय म्हणायची, "खा गं, आमेरिकेहून आलीया. पाव्हणीचा आसा अपमान करू नाही."

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं, पण बाजार मुखेडचा. छप्पननंतर आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा दादा तिशीत होते. त्यांनी दारू सोडली. मुळात ते पीतच नव्हते, तरी सोडली. आणि मटणही सोडलं. बाकीची वस्ती खात होती, त्यांनी कुणाला कधी बोल लावला नाही. पण स्वतःपुरतं त्यांनी पहिलं शील, जीव मारायचा नाही हे, शब्दाला शब्द धरलं. माय कधी कालवण करून म्हणायची, "रस्सा तरी घ्या." दादा म्हणायचे, "रश्यात पोहलंय कोण ते मला दिसायलंय की." विषय संपायचा.

आमचा विहार म्हणजे चार पत्रे आणि शेणानं सारवलेली जमीन. दर रविवारी सकाळी वस्ती जमायची. त्रिशरण आणि पंचशील उभ्यानं, पाय जुळवून, हात जोडून, डोळे मिटून म्हणायचं हा आमच्याकडचा रिवाज. पुढं एकानं सांगायचं आणि मागं सगळ्यांनी म्हणायचं. पुढचा एक म्हणजे दादा. शेती नाही, शिक्षण चौथी नापास, अंगावर एक धोतर आणि एक दांडीवर. पण रविवारी सकाळी त्यांच्या मागं साठ-सत्तर माणसं बोलायची. दादांपाशी मिरवण्यासारखं एवढंच होतं, आणि ते त्यांना पुरायचं.

मी लातूरला बीएस्सीला गेले. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिली. मुलगा नव्हे, मुलगी. हे मी आजही मुद्दाम सांगते.

शेवटच्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा दादांची चाल बदललेली दिसली. पाय फाकवून, जमिनीवर आपटत, नजर खाली खिळवून ते चालायचे. वाकून पाऊल पाहायचे आणि मग टाकायचे.

"काय झालं ओ दादा?"

"कापसावर चालल्यावानी वाटायलंय. पाय टेकला का न्हाई तेच कळंना."

माय चुलीपासून म्हणाली, "रानात कापूस पिकंना झालाय, अन् ह्यांच्या पायाखाली बरा पिकला."

आम्ही हसलो. दादाही हसले. पण अंगणात तोंड धुताना डोळ्यांवर पाणी मारलं की ते एका अंगाला झोकांडायचे आणि दगडी रांजणाला धरायचे. दिवस बुडता कामावरून येताना तर वाटेत दोनदा तीनदा जायचा तोल. भर दुपारी बरे असायचे. रविवारी पुढं उभे राहिले की हल्ली डोळे उघडेच ठेवून पायांकडं बघायचे; मागचे सगळे डोळे मिटलेले, म्हणून कुणाला कळलं नाही. आता गावाचा हिशोब काय, तर सकाळी उठल्या उठल्या झोकांडतो आणि संध्याकाळी झोकांडत येतो, तो माणूस कसला असणार? आमच्या वस्तीनं दारूपायी बरंच पाहिलं होतं. बायांनी भांडून भांडून ती वेशीबाहेर काढली होती. त्यामुळं तिकडं सगळ्यांची नजर फार तिखट.

आणि खरं सांगायचं तर एक दिवस दादांचं उपरणं दांडीवर होतं, ते मी घेतलं आणि हुंगलं. घामाचा वास आला, दुसरा कसलाच नाही. तरी माझं मन पूर्ण निवलं नाही. मी हे दादांना कधी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात गुरुजी घरी आले. ते वस्तीतलेच, शाळेतून निवृत्त झालेले, विहाराचा कारभार बघायचे. दादांचे लहानपणापासूनचे दोस्त. अंगणात बसले, काळा चहा घेतला, बराच वेळ कप फिरवत राहिले.

"पोरं बोलायलेत," ते म्हणाले. "तुझी चाल बघून. मी म्हणलं, माझा दोस्त मरंल पण थेंब घेणार न्हाई. पण पुढं उभा ऱ्हाणारा माणूस हाय तू. लोकांचं तोंड बंद कराया पायजे."

"कसं करायचं, तू सांग."

"रविवारी वंदनेच्या आधी पुढं उभा ऱ्हा. हात जोड, डोळे मीट, आन् सगळ्यांम्होरं सांग की मी पाचवं शील मोडलं न्हाई. बास. ज्यानं मोडलं त्याला तिथं डोळे मिटून उभं ऱ्हावणार न्हाई."

दादा म्हणाले, "एवढंच ना?"

रविवारी दादा धुतलेलं धोतर नेसून गेले. चपला बाहेर काढल्या. पुढं जाऊन ताठ उभे राहिले, पाय जुळवले, हात जोडले. माझ्याकडं एकदा बघितलं आणि डोळे मिटले. "मी आजपतुर..." एवढे शब्द निघाले. मग त्यांचं अंग आधी मागं गेलं, मग उजवीकडं, आणि ते बायांच्या रांगेत आडवे झाले.

मग मागून एक पोरगं म्हणालं, "शपथ बी पेलंना झाली की."

दोघांनी दादांना उठवलं. त्यातल्या एकानं उठवता उठवता त्यांचं तोंड हुंगलं. सगळ्यांदेखत. "वास तर न्हाई," तो म्हणाला. दुसरा म्हणाला, "आता गोळ्या निघाल्यात, वास येतच न्हाई."

दादांनी धोतर झटकलं आणि जाऊन दाराजवळ बसले. गुरुजींनी स्वतः पंचशील सांगितलं. पुढच्या रविवारी दादा विहारात गेलेच नाहीत. माय म्हणाली, "चला की." ते म्हणाले, "पाय दुखायलेत." पाय दुखत नव्हते. पाय तर त्यांना लागतच नव्हते.

सुट्टी संपवून मी लातूरला परत गेले. आमचं सगळं शिकणं इंग्रजीत, डोकं मराठीत. तेव्हा प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बेडकाचा मेंदू चालू होता. आमचे सर हाडाचे शिकवणारे. चिमट्यानं मागचा बारीकसा पट्टा दाखवून म्हणाले, "हा सेरेबेलम. लहान मेंदू. बेडकाचा एवढासाच, माणसाचा लिंबाहून मोठा. तोल, उभं राहण्याची ढब, हालचालीतला मेळ, हे सगळं याच्याकडं."

मग त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं. पाय जुळवा. आता डोळे मिटा. आम्ही सगळेच थोडे थोडे डुलायला लागलो आणि हसायला लागलो.

"हसू नका," सर म्हणाले. "मेंदूला तीन ठिकाणांहून खबर येते. डोळे सांगतात समोर काय आहे, सरळ काय आहे. कानाच्या आत बारीक नळ्या असतात, त्यात पाणी असतं, त्या सांगतात डोकं कुठं कललं. आणि तळपाय, घोटे, गुडघे सांगतात आपण कुठं टेकलोय. लहान मेंदू या तिन्ही खबरी जुळवतो, आणि तुम्हाला पत्ता लागायच्या आत पोटरीला, मांडीला, पाठीला हुकूम जातो. उभं राहणं म्हणजे नुसतं थांबणं नाही. दर क्षणाला पडायचं आणि दर क्षणाला सावरायचं. आत्ता मी तुमची एक खबर बंद केली. म्हणून डुललात."

मी डोळे उघडले. तास संपल्यावर सरांच्या मागं व्हरांड्यात गेले.

"सर, एखादा माणूस डोळे मिटले की डुलत नसंल, पडतच असंल तर?"

"कोण पडतं?"

"वडील."

सर म्हणाले, "घेतात का?"

"नाही," मी म्हणाले. त्या दिवशी ते मी पहिल्यांदा मनात काही न ठेवता म्हणाले. "तोंड धुताना पडतात. अंधार पडला की पडतात. दुपारी बरे असतात."

"मग डॉक्टरला दाखव. मला बेडकापुरतं कळतं."

त्याच वर्षी पावसाळ्यात लातूर वेगळा जिल्हा झाला होता. त्याआधी आम्हाला जिल्हा म्हणजे उस्मानाबाद, आणि उस्मानाबाद म्हणजे एक दिवस जाण्यात, एक येण्यात. आता कचेऱ्यांवर नव्या पाट्या रंगत होत्या, काहींवर अर्धीच अक्षरं झाली होती. सरकारी दवाखान्यात मोठे डॉक्टर आले होते. मी गावी जाऊन दादांना एसटीत घातलं. वाटेत दादा म्हणाले, "जिल्हा झाला म्हणून आपलं काय झालं गं?" मी म्हणाले, "डॉक्टर जवळ आला." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हाव, तेवढं झालं."

डॉक्टरांनी दादांना डोळे मिटायला लावले आणि त्यांच्या पायाचा अंगठा धरला. "वर करतोय की खाली, सांगा."

"वर."

खाली होता.

"आता?"

"आता बी वर." तोही खाली होता. दादा म्हणाले, "सायेब, आंगठा माझा हाय आन् ठाव तुमाला. ह्याचं काय करावं?"

डॉक्टर हसले. घोट्यावर वाजणारा लोखंडी चिमटा टेकवला. दादांना त्याचा कंप कळेना. जीभ बघितली. मग विचारलं, "दूध किती पिता?"

"म्हैस बहात्तरला गेली."

"अंडी, मटण?"

"दीक्षेपासून सोडलंय."

"दारू?"

दादा माझ्याकडं बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "सायेब, तुमी बी?"

"सगळ्यांना विचारावं लागतं, बाबा."

मी मध्येच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लहान मेंदू बिघडलाय का?" मला वाटत होतं मी मोठी हुशारी केली.

"लहान मेंदू शाबूत आहे यांचा," डॉक्टर म्हणाले. "त्याला पायांची खबरच पोचत नाही. मणक्यातून वर जाणाऱ्या ज्या नसा ती खबर नेतात, त्या उपाशी पडल्यात. एक जीवनसत्त्व असतं, ते दुधात, अंड्यात, मटणात मिळतं. वर्षानुवर्षं नाही मिळालं की असं होतं. हे डोळ्यांनी बघून चालतात, म्हणून दिवसा निभतं. डोळे मिटले की यांच्या मेंदूला पायाखाली जमीन आहे हेच ठाऊक नसतं."

म्हणजे शील मोडलं म्हणून दादा पडत नव्हते. ते इतकं घट्ट धरलं, आणि वर म्हैस गेली, म्हणून पडत होते. मी हे दादांना समजावून सांगितलं तेव्हा ते आपल्या पायांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हे गुरुजीला सांगशील का? मी सांगितलं तर बाता मारतो म्हणतील."

मी नुसतं सांगितलं नाही. पुढच्या रविवारी विहारात गेले आणि सगळ्यांना उभं केलं, गुरुजींनाही. पाय जुळवा, डोळे मिटा, बोलू नका. गुरुजी साठीला आलेले. दहा अंक मोजायच्या आत ते डुलायला लागले आणि त्यांनी शेजाऱ्याचा दंड धरला. त्यांची बायको बायांच्या रांगेतून म्हणाली, "अहो, तुमी बी घेऊन आलाव का काय?"

सगळा विहार हसला. हसू ओसरल्यावर मी तिन्ही खबरींची गोष्ट सांगितली, डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवली. ज्यानं तोंड हुंगलं होतं तो खाली बघत होता. गुरुजी म्हणाले, "मी चाळीस वर्षं पोरांना पाढे शिकवले. माणूस पडला तर का पडला, हे इचारायचं शिकवलं न्हाई." मग ते आमच्या घरी आले आणि दादांच्या पायाशी वाकायला लागले. दादांनी त्यांना धरलं. "वाकू नको, तू पडशील आन् दोघं बी पडू."

इंजेक्शन लाल रंगाचं होतं. गावातल्या नर्सबाई द्यायच्या, आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. दादा पहिल्या दिवशी म्हणाले, "रगात घालायलाव का बाई?" अंडं त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. डॉक्टरांनाही सांगून टाकलं, "सोडलं ते सोडलं." दुधाला तयार झाले. गुरुजींच्या घरून रोज तांब्याभर दूध यायला लागलं, आणि ते दारात उभं राहून दादांना प्यायला लावायचे.

डॉक्टरांनी सराव सांगितला होता. मी घरी आले की भिंतीशी घ्यायचे. पाय जुळवून उभे राहा, डोळे मिटा. पहिल्या दिवशी दादा तीन अंकांवर कलंडले. मग मी जवळ उभी राहून त्यांचं एक बोट माझ्या खांद्यावर ठेवायला सांगितलं. भार द्यायचा नाही, नुसतं टेकवायचं. एवढ्यानंही ते सावरायचे. बोटाकडून मेंदूला चौथी खबर जात होती.

"धरू नका दादा, नुसतं टेकवा."

"टेकवलंय गं. तूच हालायलीस."

मी हलत नव्हते. पण भांडले नाही. महिन्यानं बोट काढलं तरी दहा अंक झाले. मग वीस. मी नसले की माय मोजायची. तिला वीसच्या पुढचे अंक येत नव्हते, म्हणून ती वीस झाले की परत एकपासून धरायची, आणि दादा म्हणायचे, "आता किती येळा मरायचं?"

पुढच्या वैशाखी पौर्णिमेला गुरुजींनी दादांना पुढं बोलावलं. पायातला बधिरपणा सगळा गेला नव्हता, तो पुढंही गेला नाही. काठी भिंतीला टेकवून दादा मोकळे उभे राहिले. पाय जुळवले, हात जोडले, डोळे मिटले आणि त्रिशरण-पंचशील पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. वस्ती त्यांच्या मागं म्हणत होती. मी एकटी डोळे उघडे ठेवून त्यांच्या पायांकडं बघत होते. ते किंचित डुलले आणि सावरले, आपण सगळे सावरतो तसे.

त्याच उन्हाळ्यात मी बीएस्सी दुसऱ्या वर्गात पास झाले. दादा त्यानंतर अकरा वर्षं चालले, आणि दर रविवारी पंचशील त्यांनीच सांगितलं.