पळणारे पांढरे किडे

चेन्नईला आल्यावर तिसऱ्या वर्षी मला कॉलनीच्या बागेत काम मिळालं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, कारखान्यात जात, मी बागेत. बालवाडीच्या कडेने जास्वंदीचं लांब कुंपण होतं, ते माझ्याकडे होतं. त्यावर पिठ्या ढेकूण पडे. कोवळ्या फांद्या पीठ भुरभुरल्यासारख्या पांढऱ्या व्हायच्या. रोज सकाळी साबणाच्या पाण्यात कापड बुडवून मी त्या पुसायची. किडे बहुतेक एका जागी चिकटून बसत. पण त्यांच्यातले काही मोठे, लोकरीसारखे, पळत. ही त्यांची आई, असं मी धरून चालले होते. म्हणून आधी त्यांनाच चिरडायची. तरी दरवर्षी कुंपण जास्तच पांढरं होई आणि शेवटी औषध मारणारा बोलवावा लागे.

अशी तीन वर्षं गेल्यावर बालवाडीजवळ औषध नको असं ठरलं, तेव्हा आम्हा सगळ्या माळ्यांना तीन दिवस शिकायला बसवलं. शिकवणाऱ्या बाई तमिळ बोलत. आमचे मुकादम तंजावरकडचे, त्यांची मराठी जुन्या वळणाची. ते शेजारी बसून मला सांगत. बाईंनी भिंगाखाली फांदी धरली. पळणारा किडा बसलेल्याला खात होता.

"बसलेला शत्रू, पळणारा आपला," मुकादम म्हणाले. "हे पिल्लू आहे. मोठं झालं की नारिंगी डोक्याचा काळा भुंगेरा होतो."

बाईंनी विचारलं, याला हाताने कोण मारतं? मी हात पदराखाली घेतला.

"काय गे बाई, तू तर कॉफी प्यायच्या आधीच दहा-वीस चिरडतेस!" मुकादम मोठ्याने म्हणाले आणि तेच तमिळमध्ये सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले. घरी येऊन मी जेवले नाही.

पुढच्या सोमवारी कुंपणापाशी गेले, तर औषधवाला पाठीवर पंप बांधून उभा. कॉलनीचे सेक्रेटरी त्याला पांढऱ्या फांद्या दाखवत होते. ठरलं होतं ते खरं, पण कुंपण किड्यांनी भरलंय अशी पालकांनी तक्रार केली होती. मी वाकून पाहिलं. फांदीवर पळणारे होते, पुष्कळ होते. औषधाने तेही मेले असते.

सेक्रेटरींशी मी कधी बोलले नव्हते. समोरून आले तर मी झाडाआड होई. त्या दिवशी तोंडातून निघालं, "पोरुंग सार." थांबा साहेब, एवढंच. पुढे तमिळ येईना. मुकादम जवळ आले.

"बोल गे, मी सांगतो त्यांना."

"त्यांना सांगा, हे पळणारे किडे बसलेल्यांना खातात, ते मी तीन वर्षं मारले. मी मारले म्हणून बसलेले वाढले. या वेळी पळणाऱ्यांना सोडते. पंधरा दिवस द्या."

मुकादमांनी सांगितलं. सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं हिनेच बिघडवलं?"

"आमा सार," मी म्हणाले. हो म्हणायला एवढं तमिळ पुरलं.

त्यांनी पंपवाल्याला हाताने जायची खूण केली. मला वाटतं, मी स्वतःची बाजू सावरून बोलले असते तर त्यांनी ऐकलं नसतं.

आठवडाभर काहीच फरक दिसेना. मग फाटकाकडच्या फांद्या हिरव्या दिसू लागल्या. टोकाला दोन झुडपं पांढरीच राहिली, ती मी खालून छाटली. सेक्रेटरी आले, एका फांदीवरून बोट फिरवलं आणि मुकादमांना म्हणाले, "राहू दे सध्या."

त्यानंतर कापड घेऊन गेले तरी आधी मी नुसती उभी राहायची, कोण बसलंय आणि कोण पळतंय ते बघत. लांबून कुणालाही वाटे, बाई कामचुकार आहे. मुकादमही एकदा ओरडले, "काय गे, झोपलीस की काय उभ्या उभ्या?" मी बघत राहिले.