खोट्या माशाची थरथर

मासे धरण्याबद्दल अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एकच नियम होता: हात दगडासारखा हवा. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला धरण आहे, त्यामुळे आमची नदी पावसाच्या मर्जीने कमी आणि पाटबंधारे खात्याच्या मर्जीने जास्त वाहायची. अण्णा त्याच खात्यात होते, म्हणून पाणी कधी सुटणार हे त्यांना आधीच ठाऊक असायचं. नवरात्र संपून गढूळ पाणी निवळलं की काही दिवसांनी रब्बीच्या पिकांसाठी पाण्याचं आवर्तन सुटायचं. पाणी चढायला लागलं की मासा मधली धार सोडून काठच्या खडकांआड येतो, असं ते सांगायचे. खडकामागे पाणी जरा घुटमळतं, तिथे गळ टाकायचा. आमिष म्हणजे हिंग घालून मळलेली कणीक. दोरी तर्जनीवरून घ्यायची आणि गप्प बसायचं. मासा आधी नुसता हुंगतो. ते बोटाला कळलं पाहिजे, आणि बोटाचं माशाला कळता कामा नये. मला ते सोबत न्यायचे, पण तोंड उघडलं की काठावरून हाकलायचे. मी बडबडी, त्यामुळे माझं बरंचसं शिक्षण दुरूनच झालं.

पुढे लग्न होऊन मी सिंगापूरला आले, नोकरीला लागले, पासिर रिसला फ्लॅट घेतला. दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची गोष्ट. आई गेली आणि वर्षाच्या आत अण्णांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, बरा होणार नाही, औषधाने थोडा आवरेल. गावात एकटे कसे राहणार, म्हणून मी त्यांना दसऱ्यानंतर इकडे आणलं. बॅगेत चार शर्ट आणि टॉवेलात गुंडाळलेलं गळाच्या दोरीचं जुनं रीळ.

हा कंप मोठा चमत्कारिक. काही करायला हात पुढे केला की जरा कमी व्हायचा आणि हात स्वस्थ ठेवला की वाढायचा. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची, जप करणाऱ्या माणसाची बोटं फिरतात तशी. फक्त झोपेत थांबायचा. रविवारी दुपारी ते झोपले की मी उगाच त्यांच्या खोलीत जाऊन बसायची. चादरीवर तो हात निवांत पडलेला असायचा, माझ्या लहानपणीचा. मला रडू यायचं आणि मी ते येऊ द्यायची.

एक एक काम त्यांच्या हातून सुटत गेलं. दाढी माझा नवरा करून द्यायचा, चहा अर्धा कपच भरायचा, बटणांऐवजी टी-शर्ट आले. अण्णा कुरकुरले नाहीत. एकदा सकाळी मात्र म्हणाले, “एकदा गळ टाकून बघतो. एक मासा या हाताने काढला तर ठीक. नाहीतर हा हात गेला, असं मी समजून चालतो. मग तूही मला उगाच धीर देत बसू नकोस.”

मी काठी विकत आणली, त्यांचं रीळ बसवलं, त्यांच्या देखरेखीखाली कणीक मळली. बसमध्ये डब्यातून हिंगाचा वास सुटला तशी शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली. इथल्या रिझर्व्हॉयरवर, म्हणजे पाणीसाठ्याच्या तलावावर, मासे धरायला ठरवून दिलेली जागा आहे आणि तिथे पाटी आहे: फक्त कृत्रिम आमिष वापरावे. अण्णांनी पाटी सावकाश वाचली. “म्हणजे फसवायचं ते फसवायचं, वर खायलाही घालायचं नाही,” म्हणाले, आणि डबा माझ्या हातात दिला.

शेजारी माझ्याच वयाचा एक चिनी माणूस गळ टाकत होता. आमची फजिती पाहून त्याने आपल्या पेटीतून बोटाएवढा प्लास्टिकचा मासा काढला आणि आमच्या दोरीला बांधून दिला. नुसता टाकून बसू नका, त्याने मला समजावलं, तसा तो मेल्यासारखा बुडतो. मनगट बारीक हलवत राहायचं, म्हणजे जिवंत वाटतो. अण्णांनी सवयीप्रमाणे दोरी तर्जनीवर घेतली आणि डोळे मिटले. हात दगडासारखा करायची त्यांची धडपड मला त्यांच्या जबड्यात दिसत होती. पाच-दहा मिनिटांनी डोळे न उघडताच म्हणाले, “काही कळत नाही गं. सगळा वेळ मासा असल्यासारखंच वाटतंय.”

आयुष्यात पहिल्यांदाच मी पाण्याकाठी गप्प बसले.

आणि मग काठी वाकली. चांगला हातभर मासा होता, हिरवट-पिवळा, शेपटीवर डोळ्यासारखा काळा ठिपका. रीळ मी फिरवलं, पण काठी त्यांनी सोडली नाही. शेजारचा माणूस आपली काठी ठेवून जवळ आला. मासा त्याने बघितलाच नाही. तो अण्णांच्या मनगटाकडे बघत होता.

“अंकल, हाऊ यू डू दॅट? सो नॅचरल लाह.”

“लाँग प्रॅक्टिस,” अण्णा साहेबी थाटात म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, “त्याला सांगू नकोस हं.” किती महिन्यांनी ते हसत होते.

हसू टिकलं नाही. मासा सोडून द्यायचा तर जबड्यातला गळ काढायला हवा. त्यांनी मासा डाव्या हाताने धरला, उजवा पुढे नेला. गळाचं टोक एवढंसं, बोटं नुसती त्याच्या आजूबाजूला फिरत राहिली. मासा कल्ले उघडून तडफडत होता. “तू काढ,” ते म्हणाले, “लवकर कर, जीव जातोय त्याचा.” त्यांनीच शिकवलं होतं तसं मी गळ उलटा दाबून काढला आणि मासा पाण्यात सोडला. अण्णांनी काठी आवरायला सांगितली.

परतीच्या बसमध्ये ते उजव्या हाताकडे बघत बसले, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसे. “मासा मी नाही काढला,” म्हणाले. “दुखण्याने काढला.” मी वाद घालायला तोंड उघडलं आणि त्यांनी काय बजावलं होतं ते आठवून मिटलं. त्यानंतर त्यांनी काठीला हात लावला नाही. थोड्या महिन्यांनी हट्टाने गावी परत गेले आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गेले.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मी एकटीच काठी घेऊन रिझर्व्हॉयरवर गेले. का गेले, सांगता येणार नाही. घरात बसवत नव्हतं, एवढं खरं. तो माणूस तिथेच होता.

“अंकल नेव्हर कम?”

“गावी गेलेत,” मी इंग्रजीत सांगितलं.

वर्षभर सराव करतोय, पण जमत नाही, असं म्हणून त्याने मला करून दाखवलं. तो सगळा दंडच हलवत होता. “एवढं नाही,” मी म्हटलं. “बारीक. फक्त अंगठा आणि हे बोट, जपमाळ ओढतात तसं. आणि मध्ये थांबायचं नाही.” त्याने तसं केलं. काही वेळाने त्याला लय सापडली. मनगट त्याचं होतं, पण थरथर हुबेहूब अण्णांची. मला नजर हलवता येईना.

“सो टायरिंग,” तो म्हणाला. “अंकल नेव्हर स्टॉप, आह?”

“थांबायचे ना,” मी म्हटलं. “झोपल्यावर.”

मी चेष्टा करतेय असं वाटून तो हसला आणि मनगट हलवत राहिला.